मुरलेल्या कॅबर्नेचं टेस्टिंग: आठ जण, सहा बाटल्या, एक संध्याकाळ

वीस वर्षांची कॅबर्ने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, आम्ही पहिल्यांदा आठ जणांत उघडली, तेव्हा तिसऱ्या ग्लासाला नाक लावताच एक जण "वा! काय वाइन आहे!" म्हणाला. पुढचा अर्धा तास प्रत्येकाला त्याच ग्लासात सगळं काही सापडत होतं. कागद गोळा केले तर सात जणांनी तीच वाइन पहिली लावली होती. दोन महिन्यांनी त्याच खोक्यातली दुसरी बाटली आम्ही तोंडातून अक्षर न काढता चाखली आणि ती चौथी आली. बाटली-बाटलीत थोडा फरक असेलही, जुन्या वाइनमध्ये तो असतोच. पण तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: अशा टेस्टिंगचं निम्मं यश तयारीत असतं आणि निम्मं गप्प बसण्यात. आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये वर्षातून तीन-चारदा हा घाट घालतो. करता करता जी पद्धत बसत गेली, ती इथे सविस्तर लिहिते.

कॅबर्नेच का, आणि जुनीच का

कॅबर्ने सॉव्हिन्योंचं द्राक्ष लहान, सालीला जाड. रसाच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणून वाइनमध्ये रंग आणि टॅनिन भरपूर उतरतं. टॅनिन म्हणजे आपला तुरटपणा. नव्या वाइनमध्ये तो खांड सुपारीसारखा गालांना आतून ओढून धरतो. बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, जड होतात आणि त्यातली काही गाळ होऊन तळाशी बसतात. फळाचा ताजा वास मागे सरतो आणि लाकूड, चामडं, पालापाचोळा असे वास पुढे येतात. कैरीचं लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मीठ, तिखट, आंबट सगळं वेगवेगळं लागतं आणि मुरल्यावर एक होतं. इथेही तसंच होतं, फक्त त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात.

झाकून, म्हणजे बाटलीचं नाव लपवून, चाखण्याची ताकद सांगायला एकच प्रसंग पुरे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे सहा कॅलिफोर्नियन कॅबर्ने आणि फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या चार लाल वाइन झाकून ठेवल्या. वीसपैकी गुण द्यायचे होते. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची वाइन पहिली आली, शातो मूताँ रोथशील्ड १९७० दुसरी. मग आक्षेप निघाला की कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणीच बऱ्या, फ्रेंच वाइनसारख्या त्या टिकायच्या नाहीत. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ ला, त्याच लाल वाइन लंडन आणि नापा अशा दोन्ही ठिकाणी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले आणि सगळ्यांत वर होती रिज माँटे बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी आली होती. हा मळा क्युपर्टिनोच्या वरच्या डोंगरात आहे. आमच्यापैकी निम्म्या जणांना ती डोंगररांग ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसते, म्हणून ही गोष्ट आम्हाला जरा जास्तच जवळची.

विषय ठरवा, मगच बाटल्या घ्या

"जुन्या कॅबर्ने आणा" एवढंच सांगितलं तर आठ जण आठ दिशांच्या बाटल्या आणतात आणि तुलनेला आधारच राहत नाही. काहीतरी एक गोष्ट समान ठेवा. एकाच मळ्याची वेगवेगळी वर्षं घेतली तर ते उभं टेस्टिंग. एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या मळ्यांच्या वाइन घेतल्या तर आडवं. पहिल्यांदा करणार असाल तर आडवंच करा. वय सारखं असलं की मातीचा, हवेचा आणि करणाऱ्याच्या हाताचा फरक नीट कळतो.

आमचं सगळ्यात जमलेलं टेस्टिंग २००५ सालच्या वाइनचं होतं: तीन बाटल्या बोर्दोच्या डाव्या काठावरच्या, तीन कॅलिफोर्नियाच्या. ते वर्ष दोन्हीकडे चांगलं गेलं होतं, त्यामुळे कुणाला सालाची सबब नव्हती. डावा काठ म्हणजे जिरोंद नदीमुखाच्या डावीकडचा मेदोकचा पट्टा: सँतेस्तेफ, पोयाक, सँ-ज्युलियाँ, मार्गो. तिथल्या गोट्या-खड्यांच्या जमिनीत पाणी थांबत नाही, ऊन धरून राहतं आणि उशिरा पिकणारं कॅबर्ने पिकतं. उजव्या काठावर मेर्लो या दुसऱ्या द्राक्षाचं राज्य, म्हणून ते या खेळात घेऊ नका. डाव्या काठावरही कॅबर्ने एकटं नसतं. मेर्लो, थोडं कॅबर्ने फ्राँ, चिमूटभर पेती व्हर्दो असं मिश्रण असतं. कॅलिफोर्नियात बऱ्याचदा जवळजवळ निखळ कॅबर्ने मिळतं. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर मेर्लोच्या मऊपणाला लोक वयाचा मऊपणा समजतात.

सहापेक्षा जास्त वाइन नकोत. आठवीपर्यंत जीभ तुरटपणाने इतकी बधिर होते की शेवटच्या वाइनवर हमखास अन्याय होतो.

बोर्दोच्या मळ्यांच्या १८५५ च्या वर्गवारीतली मोठी नावं परवडत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. ओ-मेदोकमधलं सोसियांदो-माले त्या यादीत नाही, पण वीस वर्षं सहज मुरतं. आम्ही वर्गणी काढतो आणि तिघं मिळून खरेदी करतात. पुण्या-मुंबईत असाल तर परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला करमुक्त दोन लिटरची मुभा असते, म्हणजे माणशी दोन बाटल्या. तिघं आले की सहा जमल्या. अकलूजच्या फ्रातेल्लीच्या 'सेत्ते'मध्ये सांजोव्हेझे या इटालियन द्राक्षाबरोबर कॅबर्ने असतं. तिची चार-पाच वर्षं ओळीने जमवून उभं टेस्टिंग करण्याजोगं आहे. मात्र बाटल्या माळ्यावर ठेवल्या असतील तर विसरा. दोन उन्हाळे सोसलेली वाइन मुरत नाही, शिजते.

घेताना बाटलीकडे बघा

जुन्या वाइनमध्ये आपण वाइन कमी आणि बाटली जास्त विकत घेतो. एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या, एक थंड तळघरात आणि एक दुकानाच्या उन्हातल्या फळीवर राहिली, तर वीस वर्षांनी त्या सख्ख्या बहिणी वाटत नाहीत.

बाटली उजेडात धरा. वाइनची पातळी मानेत किंवा मानेच्या अगदी बुडाशी हवी. वीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा आत गेली आहे. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बुचावरची टोपी हलकेच फिरवून पाहा. खाली वाइन झिरपून चिकटली असेल तर फिरत नाही. लेबल ओलाव्याने डागाळलेलं असेल तर मला उलट बरं वाटतं, कारण दमट तळघराची ती खूण असते. आम्ही एकदा एका दुकानातून स्वच्छ कोऱ्या लेबलाची, पण बूच अर्ध्या सेंटिमीटरने वर आलेली बाटली घेतली होती. उष्णतेने वाइन फुगली की बूच वर ढकललं जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आत काकवी आणि शिजलेल्या मनुकांच्या वासाशिवाय काही उरलं नव्हतं.

सहाच्या जोडीला सातवी बाटली राखीव ठेवा. ती लागतेच.

दोन दिवस आधीपासून

प्रवास करून आलेल्या बाटल्या दोन-तीन आठवडे थंड, अंधाऱ्या जागी आडव्या पडू द्या. टेस्टिंगच्या दोन दिवस आधी त्या उभ्या करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. त्यानंतर हलवू नका.

त्या दिवशी दुपारनंतर घरात फोडणी नको, उदबत्ती नको. अत्तर, सेंट, मोगऱ्याचा गजरा हे सगळं त्या संध्याकाळपुरतं नको, आणि हे निमंत्रणातच लिहा. आल्यावर सांगितलं तर माणूस ओशाळतो. घासलेल्या ग्लासांना साबणाचा किंवा कपाटाचा वास तर येत नाही ना, हे प्रत्येक ग्लासात नाक घालून तपासा. आठ माणसं, सहा वाइन म्हणजे अठ्ठेचाळीस ग्लास होतात. एवढे कुणाकडे नसतात, म्हणून आम्ही तीन-तीनच्या दोन फेऱ्या करतो आणि चोवीस ग्लासांत भागवतो. ग्लास तोंडाशी निमुळता असावा, बाकी किंमत-कंपनी गौण. मात्र सगळे एकसारखे हवेत. वेगळ्या आकाराच्या ग्लासात तीच वाइन वेगळी लागते.

बूच, गाळ आणि हवा

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. वीस वर्षांचं बूच वरून कोरडं आणि खालून ओलं असतं. साधा स्क्रू लावून ओढलं की मधेच तुटतं. दोन पातळ पात्यांचं ओपनर मिळतं. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने सरकवत नेऊन मग फिरवत फिरवत वर ओढायचं. स्क्रू आणि पाती दोन्ही असलेलं 'ड्युरँड' महाग आहे, पण पाच-सहा जणांत एक घेऊन ठेवण्यासारखं आहे. टोपीखाली काळी बुरशी दिसली तर घाबरू नका. ओल्या फडक्याने बाटलीचं तोंड पुसून घ्या. बुचाचा भुगा आत पडलाच तर स्टीलची बारीक जाळीची गाळणी वापरा. चहाची नको, तिचा वास जात नाही.

आता प्रत्येक बाटलीतली चमचाभर वाइन ग्लासात घेऊन फक्त वास घ्या. ओला पुठ्ठा, कोंदट तळघर, पावसाळ्यात न वाळलेलं गोणपाट असा वास आला तर ती बाटली गेली. हा दोष बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनाचा. ते इतकं तीव्र असतं की पाण्याच्या टाकीत थेंबभर मिसळलं तरी नाकाला कळावं. तो हवेने जात नाही, उलट ठळक होतो. राखीव बाटली इथे कामी येते. दोष हलका असेल तर वास कुबट येत नाही, फक्त फळ गायब होतं आणि वाइन मुकी वाटते. हा प्रकार जास्त फसवा, कारण लोक बिचाऱ्या मळ्याला कमी गुण देऊन मोकळे होतात.

मग डिकँटिंग, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात (डिकँटरमध्ये) ओतणं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात डिकँटर आणि बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च. एका धारेत, न थांबता, सावकाश ओता. शेवटी शेवटी मानेत धुरासारखी काळसर रेघ सरकत येताना दिसते. ती दिसली की हात थांबवा. तळाशी तीस ते पन्नास मिलिलिटर राहील, त्याचा लोभ नको. गाळाने वाइन गढूळ होते आणि कडवटही. रिकामी बाटली साध्या पाण्याने खळबळून, पूर्ण निथळवून वाइन पुन्हा तिच्यातच भरा. यामुळे सहा डिकँटर लागत नाहीत आणि प्रत्येक वाइनला सारखीच हवा मिळते.

किती आधी? वीस वर्षांच्या वाइनला पाऊण तास ते एक तास. चाळीशी गाठलेली असेल तर गाळ वेगळा करून लगेच ओता, तिचा वास अर्ध्या तासात उडून जाऊ शकतो.

तापमान सोळा ते अठरा अंश. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा नियम युरोपातल्या जुन्या थंड घरांचा. आपल्या खोल्या तेवीस-चोवीस अंशांच्या, त्यात दारूचा झोंबणारा वास सगळ्याच्या पुढे येतो. भरलेल्या बाटल्या वीस-तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि साधा थर्मामीटर लावून बघा.

झाकणं आणि ओतणं

बाटल्या कागदी पिशव्यांत घालून मानेशी रबर लावा. टोप्या पूर्ण काढून टाका, बुचं वेगळी ठेवा. बोर्दो आणि नापाच्या बाटल्या आकाराने सारख्या दिसतात, पण नापाची काच बऱ्याचदा जड असते, म्हणून चाखणाऱ्यांनी बाटलीला हात लावायचा नाही. एकाने पिशव्या भरायच्या आणि दुसऱ्याने, पिशव्या न उघडता, त्यांची उलथापालथ करून आकडे टाकायचे. मग क्रम कुणालाच माहीत राहत नाही.

माणशी पन्नास मिलिलिटर पुरतं. सहा वाइनचे तीनशे होतात, म्हणजे जेवणाबरोबरचे दोन भरलेले ग्लास. थुंकायला प्रत्येकापुढे कागदी पेला ठेवा. आपल्याकडे अन्न-पाणी थुंकणं वाईट दिसतं, म्हणून यजमानानेच पहिल्यांदा थुंकावं. जो गाडी चालवणार त्याने एकही घोट गिळायचा नाही. टेबलावर पाणी आणि साधा पाव, बस्स. चीज नंतर. त्यातल्या स्निग्धपणाने तुरटपणा झाकला जातो आणि सगळ्याच वाइन चांगल्या वाटायला लागतात.

ग्लास हातात घेतल्यावर

पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. उसासे, भुवया, मान डोलावणं हेही नाही. प्रत्येकाने लिहायचं.

आधी डोळे. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा करून कडेला पाहा. तरुण कॅबर्ने जांभळी, मग माणकासारखी लाल, मग कडेला विटकरी. एकाच वर्षाच्या सहांपैकी एखादीच फार तपकिरी असेल तर तिने जास्त उष्णता किंवा जास्त हवा खाल्ली असण्याची शक्यता आहे. ते लिहा, पण रंगावरून गुण देऊ नका.

मग नाक. आधी ग्लास न हलवता, मग हलवून. इथे इंग्रजी पुस्तकांतले शब्द आमच्या आड येत होते. 'कासिस' (काळं करंट) आमच्यापैकी कुणी लहानपणी खाल्लं नव्हतं. करवंद आणि जांभूळ सगळ्यांनी खाल्लं होतं. एकदा मैत्रिणीच्या आई साताऱ्याहून आल्या होत्या. त्या पीत नाहीत, पण आम्ही दहा मिनिटं नाकं खुपसून बसलेलो बघून त्यांनी एक ग्लास उचलला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, शाळेत पेन्सिलीला टोक केल्यावर येतो ना, तस्सा आहे." ती पोयाकची वाइन होती. मी म्हटलं, "काकू, पोयाकबद्दल जगभरचे जाणकार हेच लिहितात." त्या दिवसापासून आमच्या कागदावर मराठी वास असतात: चिरलेली ढोबळी मिरची, कोल्हापुरी चपलेचं कोरं कातडं, न जळलेली तंबाखू, अळंबी, पहिल्या सरीनंतरची माती, देवदाराची फळी, निलगिरी. ढोबळी मिरचीचा वास या द्राक्षाच्या घराण्यातला आहे. कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ हे त्याचे आईबाप, हे डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये डीएनए तपासून दाखवलं. दोघांतही हा हिरवा वास असतो. द्राक्ष कमी पिकलं की तो वाढतो. जुन्या बोर्दोत त्याची हलकी झाक मला तरी आवडते.

तबेल्याचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास आला तर ते ब्रेट नावाच्या यीस्टचं काम. थोडा असेल तर काहींना तो आवडतोही, म्हणून नोंद करा, वाद घालू नका. नेलपॉलिशचा वास मात्र वाढत गेला तर ती वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागली आहे.

मग तोंड. मोठा घोट घ्या, आठ-दहा सेकंद फिरवा, थुंका आणि मग लक्ष द्या, कारण जुन्या वाइनचं खरं रूप ती गेल्यावर कळतं. तुरटपणा किती आहे यापेक्षा कसा आहे ते पाहा: डाळिंबाच्या सालीसारखा खरखरीत, की दाट चहासारखा, की मखमलीसारखा? कुठे जाणवतो, गालांत की हिरड्यांवर? चव किती वेळ टिकते, ते मनात आकडे मोजून लिहा. आणि फळ शिल्लक आहे का? टॅनिन ताठ आणि फळ संपलेलं असेल तर ती वाइन आणखी दहा वर्षं ठेवूनही सुधारणार नाही.

एक चक्कर झाली की पुन्हा पहिल्या ग्लासापासून सुरू करा. चाळीस मिनिटांनंतर ग्लासांत खूप काही बदललेलं असतं. पहिल्या चकरीत गोड, भरदार वाइन उठून दिसते, दुसरीत शांत वाइन वर येते. मी अंतिम क्रम नेहमी दुसऱ्या चकरीनंतर लावते.

क्रम लावा, गुण नकोत

शंभरपैकी गुण दिले की एक जण नव्वद ते चौऱ्याण्णवमध्ये फिरतो आणि दुसरा साठ ते अठ्ठ्याण्णवमध्ये. सरासरीत दुसऱ्याचंच म्हणणं खरं ठरतं. त्यापेक्षा प्रत्येकाने एक ते सहा असा क्रम लावावा आणि प्रत्येक वाइनच्या क्रमांकांची बेरीज करावी. आठ जणांत सगळ्यांनी पहिली लावलेल्या वाइनची बेरीज ८, सगळ्यांनी शेवटची लावलेलीची ४८. सगळ्यांनी डोळे मिटून आकडे टाकले असते तर प्रत्येक वाइन २८ च्या आसपास आली असती. म्हणून २५ आणि ३० मधल्या फरकावरून भांडू नका, तो नशिबाचा असू शकतो. १४ किंवा ४१ आली तर गटाला खरोखर काहीतरी दिसलं आहे. एखाद्या वाइनला चार जणांनी पहिली आणि चार जणांनी सहावी लावली तर बेरीज २८ च येते, पण संध्याकाळची सगळ्यात रंगणारी चर्चा तिच्यावर होते. बहुतेक वेळा तिच्यात ब्रेट किंवा ढोबळी मिरची निघते.

कागद गोळा झाले, बेरजा फळ्यावर आल्या, की मगच बोला, आणि सगळ्यात कमी चाखलेल्या माणसापासून सुरुवात करा. जाणकार आधी बोलला की बाकीचे आपला कागद दुमडून ठेवतात. पिशव्या काढण्याआधी प्रत्येकाने कुठली बोर्दो आणि कुठली कॅलिफोर्निया हेही लिहावं. आमच्या २००५ च्या वाइनच्या रात्री सहाच्या सहा ओळखणारं कुणीच निघालं नाही. डोंगरातल्या कॅलिफोर्नियन वाइनला पाच जणांनी मेदोक म्हटलं होतं.

मग जेवण. मिरपूड लावून भाजलेलं मटण उत्तम. झणझणीत रस्सा असेल तर वाइन बाजूला ठेवा, तिखटावर टॅनिन आणि दारू दोन्ही झोंबतात.

उरलेली वाइन लहान बाटल्यांत काठोकाठ भरून, आकडे लिहून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर काढून तासभराने पुन्हा चाखा. गेल्या वेळी माझ्या कागदावर शेवटची असलेली सँतेस्तेफ दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलली होती, करवंद आणि ओली माती दोन्ही. आणि पहिली आलेली नापा निम्मी झाली होती. ते मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, तारीख घालून, लिहून ठेवलं आहे. त्या सँतेस्तेफची आणखी एक बाटली आहे. ती २०३० साली काढू.